उंची, दिशा आणि घोडा

शहरात एखादे स्मारक उभे करायचे ठरले की त्याच्या आराखड्यावर वाद होतो, आणि तो चार विषयांवर होतो: उंची, दिशा, घोडा आणि खर्च. स्मारक दिसते कसे हा पाचवा विषय. तो वेळ उरल्यास घेतात. वेळ सहसा उरत नाही, कारण उंचीवरच सभा संपते आणि चहा येतो.

वडोदऱ्यात, म्हणजे मराठी माणसाच्या बडोद्यात, या चारही विषयांचे नमुने शहरात आणि आसपास बघायला मिळतात. ते बघायला गोरवा ही सोयीची जागा आहे. शहराच्या वायव्येचे हे एकेकाळचे गाव शहराने केव्हाच पोटात घेतले. त्याची ओळख आयटीआय, बीआयडीसीच्या शेड, तलाव आणि अलेम्बिकचा रस्ता यांच्यावरून सांगतात, पुतळ्यावरून सांगत नाहीत. त्यामुळे इथला माणूस पुतळ्यांबाबत तटस्थ असतो. दुसऱ्याच्या दारातल्या पुतळ्याबाबत तटस्थ राहणे फारसे जड जात नाही.

मात्र तटस्थ माणूस गप्प असतोच असे नाही. चहाच्या लारीवर मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत स्मारकचर्चा चालते. कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांना आयटीआयमधला पोरगा विचारतो, "काका, पुतळा केवढा होणार?" काका म्हणतात, "केवढाही होऊ दे रे, बाजूने सर्व्हिस रोड ठेवतात का ते बघ." नगररचनेच्या दृष्टीने या संवादातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण वर्तमानपत्रात पहिला छापून येतो.

गोरव्याहून शहरात शिरताना गेंडा सर्कल लागते. चौकात गेंड्याचा पुतळा होता, म्हणून हे नाव. सार्वजनिक शिल्पाचा इतका निर्विघ्न प्रकार दुसरा नसेल. गेंड्याला जयंती नसते, पुण्यतिथी नसते. हार घालायला शिडी लागत नाही, आणि हार आधी कोणी घालायचा यावरून दोन गट पडत नाहीत. त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे याचे निवेदन द्यायला त्याचा समाज शहरात राहत नाही. शिवाय चौकातला धूर, हॉर्न आणि नागरिकांची मते सहन करायला जी कातडी लागते ती त्याच्याकडे उपजतच असते. याच गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल झाला आणि 25 डिसेंबर 2022 रोजी अटल ब्रिज या नावाने खुला झाला. पुलाला दिलेले नाव पाटीवर असते आणि रिक्षावाला गेंडा सर्कलच म्हणतो.

घोड्याचे प्रकरण याहून जुने आहे. सयाजीबागेजवळ, विश्वामित्रीच्या पुलाशी, महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा आहे. महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तो इंग्रज शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वुड यांनी घडवला आणि 1907 साली उभा राहिला. महाराज त्यानंतर 1939 पर्यंत हयात होते. साम्यावर वाद घालायची सोय त्यामुळे राहिली नव्हती, कारण तुलनेसाठी मूळ व्यक्ती गावातच होती आणि ती राज्य करत होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या, सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केलेल्या, ग्रंथालयांचे जाळे विणलेल्या या राजाच्या पुतळ्याला बडोदेकरांनी नाव दिले: काला घोडा. पत्ता सांगताना राजा गाळतात आणि घोडा ठेवतात. राजाविषयी अनादर आहे म्हणावे तर तसे अजिबात नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत सयाजीरावांचे नाव आजही देवघरातल्या आवाजात घेतात. पण रिक्षा थांबवायला घोडाच कामी येतो.

मुंबईत तर याच्याही पुढची पायरी गाठली गेली. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, घोड्यावर बसलेला पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला. तो बोएम या शिल्पकाराने घडवला आणि 1879 साली बसवला गेला. लोकांनी त्यालाही काळा घोडा म्हटले. 1965 साली परकीय राजांचे पुतळे हलवताना तो उचलून राणीच्या बागेत ठेवला. राजा गेला, घोडा गेला, पण भागाचे नाव काळा घोडाच राहिले आणि पुढे त्या नावाने कलामहोत्सवही भरू लागला. अखेर 2017 साली तिथे नवा घोडा उभा केला. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचे काम, आणि वर स्वार नाही. लोकांनी जे शंभर वर्षे मनातल्या मनात केले होते ते या आराखड्याने ब्राँझमध्ये करून दाखवले. स्वार कोण असावा हा प्रश्न मुंबईत निघाला असता तर घोड्याचा एक खूरही आजपर्यंत ओतून झाला नसता. एवढ्या एका निर्णयासाठी त्या आराखड्याला शहाणपणाचे पूर्ण गुण द्यावे लागतात.

रंगाविषयीही इथेच सांगून ठेवायला हवे. दोन्ही घोडे जन्माने काळे नाहीत. पुतळ्यांसाठी साधारणपणे वापरतात त्या मिश्रधातूत तांबे 85 भाग आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी 5 भाग असते. ओतून झाल्यावर तो सोनेरी तपकिरी दिसतो. पुढे रसायनांचा हात, हवा, पाऊस आणि कारखान्यांचा धूर मिळून त्याला गडद करतात. शहराने पुतळ्यांबाबत एकमताने घेतलेला हा एकमेव निर्णय आहे, आणि तो प्रदूषणाच्या मार्फत घेतला आहे.

अश्वारूढ पुतळ्यावरच्या प्रत्येक सभेत एक गृहस्थ असतात ज्यांना घोड्याच्या पायांचे सूत्र माहीत असते. पुढचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमी झाला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणावर गेला. हे सूत्र ठामपणे सांगितले जाते आणि ऐकणारे माना डोलावतात. जगभरातले पुतळे तपासले तर त्याला आधार मिळत नाही. पाय वर घ्यायचा की खाली, हे शिल्पकार तोल पाहून ठरवतो. घोड्याचे आणि स्वाराचे वजन चार बारीक पायांतून जमिनीत उतरवायचे असते. दोनच पाय टेकले तर आतला पोलादी सांगाडा जड करावा लागतो, नाहीतर शेपटी जमिनीला लावावी लागते. विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलसाठी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा 1928 साली उभा राहिला. साडेतेरा फुटांचा आणि एकसंध ओतलेला. अश्वशिल्प म्हणून आजही लोक तो बघायला जातात. साडेतेरा फूट ही उंची आज एखाद्या समितीपुढे ठेवली तर ती चौथऱ्याची आहे असा समज होईल.

इथून उंचीचा विषय सुरू होतो आणि तो लवकर संपत नाही.

उंचीची सोय अशी की ती एका आकड्यात सांगता येते, मथळ्यात बसते, टेंडरमध्ये लिहिता येते आणि शेजारच्या राज्याशी तिची तुलना करता येते. चेहऱ्यावरचा निर्धार किती टक्के असावा हे टेंडरमध्ये लिहिता येत नाही. म्हणून जे मोजता येते त्यावर सभा रंगते आणि जे मोजता येत नाही ते शिल्पकारावर सोडले जाते. पुढे काही बिघडले की ते शिल्पकाराच्याच डोक्यावर फुटते.

गोरव्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, केवडियाला, जगातला सर्वांत उंच पुतळा आहे. सरदार पटेलांचा पुतळा 182 मीटरचा, आणि खालचा तळ धरला तर 240 मीटरचा. पायाभरणी 31 ऑक्टोबर 2013, लोकार्पण 31 ऑक्टोबर 2018, काम लार्सन अँड टुब्रोचे, खर्च सुमारे 3,000 कोटी रुपये. शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, त्यामुळे बडोद्याच्या मराठी माणसाला या पुतळ्यात घरचा वाटा असल्यासारखे वाटते. उंची 182 मीटरच का, याचे उत्तर असे दिले जाते की गुजरात विधानसभेत 182 जागा आहेत. हे वाचून सौंदर्यशास्त्राचा विद्यार्थी गोंधळतो. ग्रीकांनी प्रमाणबद्धतेसाठी मानवी देहाकडे पाहिले, भारतीय शिल्पशास्त्राने ताल हे माप वापरले, आणि आधुनिक काळात मतदारसंघ हे एकक आले. मतदारसंघांची फेररचना होऊन जागा वाढल्या तर काय करायचे, हा प्रश्न अजून कोणी पटलावर मांडलेला दिसत नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 जागा आहेत. मुंबईच्या समुद्रातल्या स्मारकाची उंची ठरवताना ही बाब कोणाच्या ध्यानात आली नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

त्या स्मारकाचा प्रवास उंचीच्या अभ्यासकाने मुळातूनच वाचावा असा आहे. अरबी समुद्रातले छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मारक न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेपेक्षा उंच असावे, असे आधी ठरले. ती देवता चौथऱ्यासह 93 मीटर आहे. मग लक्ष चीनकडे गेले. तिथला स्प्रिंग टेंपल बुद्ध चौथऱ्यासकट 208 मीटर भरतो. त्यामुळे आपला आकडा 190 च्या घरातून 210 वर आणि तिथून 212 वर गेला. दर वेळी वाढ झाली ती समोरच्याच्या उंचीपेक्षा चार-दोन मीटरने. भाजीच्या लिलावात बोली अशीच वाढते. इथे चौथऱ्याचे एक शास्त्र तयार झाले: चौथरा आपला असेल तर धरायचा, दुसऱ्याचा असेल तर वजा करायचा. इंदू मिलमधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात पुतळा 250 वरून 350 फुटांचा ठरला आणि त्याखाली 100 फुटांचा चौथरा. दोन्ही मिळून 450 हा आकडा भाषणात वापरायला सुटसुटीत असतो.

समुद्रातल्या स्मारकाच्या बाबतीत 2018 साली एक बेरीज गाजली. आधीच्या आराखड्यात महाराजांची आकृती 83.2 मीटर आणि वर उगारलेली तलवार 38 मीटर होती. सुधारित आराखड्यात आकृती 75.7 मीटर झाली आणि तलवार 45.5 मीटर. दोन्ही वेळा बेरीज 121.2 मीटरच येते, हे शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येईल. आकृती साडेसात मीटरने कमी केली आणि तलवार तेवढीच लांबवली, म्हणून विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. महाराजांविषयी मतभेद असण्याचे कारणच नव्हते. सारा वाद हाताच्या वर किती आणि हाताच्या खाली किती, या हिशेबाचा होता. जलपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी झाले होते. जानेवारी 2019 मध्ये काम थांबले आणि न्यायालयात अडकले. इतक्या वर्षांत ज्या स्मारकाची उंची इतक्या वेळा बदलली त्याचा एक मीटरही पाण्याबाहेर आलेला नाही.

केवडियाच्या पुतळ्याला तुलनेने कलेचा वाटा जास्त मिळाला, हे मान्य करायला हवे. इतिहासकार, कलावंत आणि अभ्यासक यांच्या गटाने देशभरातले सरदारांचे पुतळे पाहून सुतारांचा आराखडा निवडला. आधार होता अहमदाबादच्या विमानतळावरचा त्यांचाच पुतळा. त्यांनी तीन, अठरा आणि तीस फुटांची प्रारूपे करून चेहरा तपासून घेतला. धोतर, शाल, चपला आणि चालायच्या बेतात असलेली चाल, असे सगळे ठरले. अभियंत्यांना त्यातून वेगळाच ताप झाला. इमारत खाली रुंद आणि वर निमुळती असते. धोतर नेसलेला माणूस मात्र पायाशी अरुंद आणि छातीशी रुंद असतो. त्याला ताशी 180 किलोमीटरच्या वाऱ्यात उभे ठेवायचे म्हणून आत प्रत्येकी 250 टनांची दोन दोलनरोधक वजने टांगली आहेत. बाहेरचे ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतून आणले, त्यावरही वाद झाला. देशभरातल्या शेतकऱ्यांकडून जुन्या अवजारांचे लोखंड गोळा केले होते. लोहपुरुषाचा पुतळा त्या लोखंडाचा होणार, असे खेड्यापाड्यांत समजले गेले. पुतळा अखेर ब्राँझचा झाला.

गोरव्यातल्या मराठी कुटुंबाला या पुतळ्याचा अनुभव पाहुण्यांमार्फत येतो. पुण्याहून मेहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी केवडिया ठरलेले असते. यजमान हा पुतळा इतक्यांदा बघून आलेले असतात की गाडीतच सूचना देतात: "भावोजी, वर गॅलरीत जायचं तर आधीच सांगून ठेवतो, वरून पुतळा दिसत नाही." हे खरे आहे. लिफ्ट 153 मीटरवरच्या गॅलरीत छातीपाशी नेऊन सोडते. तिथून धरण, नर्मदा आणि डोंगर दिसतात, फक्त सरदार दिसत नाहीत. खाली उतरून फोटो काढावा तर फोटोत मेहुणे आणि एक चप्पल एवढेच मावते. पुतळा पूर्ण बघायचा तर लांब जावे लागते, आणि लांब गेल्यावर तो इतर पुतळ्यांएवढा दिसतो.

यातून आराखड्याच्या वादातली एक तांत्रिक गोष्ट पुढे येते, जिच्याकडे समित्या फार क्वचित पाहतात. समितीसमोर प्रारूप टेबलावर ठेवलेले असते. सदस्य ते वरून बघतात. नागरिक पुढे तेच शिल्प खालून बघणार असतात. वरून भव्य दिसणारे कपाळ खालून दिसेनासे होते, आणि हनुवटी, नाकपुड्या, कमरपट्टा यांचे राज्य सुरू होते. म्हणून जाणकार शिल्पकार डोके प्रमाणापेक्षा थोडे मोठे करतो आणि मान किंचित पुढे झुकवतो. अशा प्रारूपाकडे पाहून सदस्य "डोके मोठे वाटते" असा शेरा मारतात. शेरा मानून डोके लहान केले की पुढची शंभर वर्षे शहराला हनुवटी बघावी लागते. समितीच्या बैठकीत प्रारूप टेबलाऐवजी कपाटावर ठेवावे, एवढी एकच सुधारणा केली तरी बरेच पुतळे वाचतील.

मोजमापाच्या वेडात राहून गेलेल्या गोष्टींचे दुखरे उदाहरण सिंधुदुर्गात घडले. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. त्यानंतर कळले की मंजुरीसाठी आलेले प्रारूप मातीचे आणि सहा फुटांचे होते. तो पस्तीस फुटांचा होणार आहे, हे आपल्याला कळवले गेले नाही, असे राज्याच्या कला संचालकांनी सांगितले. खाऱ्या हवेत नट-बोल्ट गंजू लागल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने पडण्याआधीच दिले होते. वाऱ्याचा वेग किती होता यावर मग बरेच दिवस चर्चा चालली, कारण वाराही मोजता येतो. गंज मात्र अनावरणाच्या भाषणात कधी येत नाही. मे 2025 मध्ये तिथे राम सुतारांच्या शिल्पशाळेतला 60 फुटी पुतळा उभा राहिला. उंची वाढली, आणि या वेळी पायाकडेही लक्ष दिले गेले, ही समाधानाची बाब.

स्मारकाच्या दिसण्यावरच वाद घालायचे धाडस परदेशात काहींनी केले आहे, पण त्यांचे अनुभव उत्साहवर्धक नाहीत. आयफेल टॉवरचे काम सुरू झाले तेव्हा, फेब्रुवारी 1887 मध्ये, गार्निए, गूनो, मोपासाँ यांच्यासह पॅरिसच्या नामवंतांनी हा मनोरा कुरूप आहे असे जाहीर पत्र काढले. ते हरले. शिवाय टॉवरचा परवाना वीस वर्षांचाच होता, म्हणून त्यांना 1909 ची वाट बघता आली असती. पण तोपर्यंत बिनतारी संदेशांसाठी तो उपयोगी ठरला होता. सौंदर्याच्या मुद्द्यावर जो वाचला नसता तो अँटेना म्हणून वाचला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी 1981 साली खुली स्पर्धा झाली. 1,421 आराखडे आले, नावे झाकून फक्त क्रमांक ठेवले, आणि निवड झाली 1026 क्रमांकाची. पाकीट उघडल्यावर ते येल विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या माया लिनचे निघाले. जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि त्यावर मृत सैनिकांची नावे. उंची जवळपास नाहीच, घोडा तर नाहीच. गदारोळ झाला. शेवटी तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा उभा केला, म्हणजे ज्यांना पुतळा हवा होता त्यांना पुतळा मिळाला. लोक आजही भिंतीपाशीच जास्त वेळ थांबतात. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला मंडेलांचा नऊ मीटरचा पुतळा करणाऱ्या शिल्पकारांनी स्वतःची सही म्हणून मंडेलांच्या कानात छोटा ससा बसवला. सरकारच्या लक्षात आल्यावर तो काढायला सांगितला गेला. नऊ मीटर मोजणाऱ्यांनी कानात डोकावून पाहिले नव्हते.

दिशेचा विषय थोडक्यात उरकता येतो. पुतळ्याला तोंड एकच असते आणि शहराला बाजू चार असतात, त्यामुळे तीन बाजूंचे नागरिक कायम नाराज राहतात. केवडियाचा पुतळा सरदार सरोवर धरणाकडे बघतो, त्याला कोणी हरकत घेणार नाही. बडोद्यात सूरसागर तलावाच्या मध्यभागी सर्वेश्वर महादेवाची 111 फुटी मूर्ती आहे. पाण्याच्या मधोमध ठेवल्याने हारतुऱ्याची, होर्डिंगची आणि चिकटून वाढणाऱ्या टपरीची अडचण सुटली. बडोद्याने केलेल्या स्मारकांपैकी ही जागा सर्वांत हुशारीची म्हणावी लागेल. 2023 च्या महाशिवरात्रीला या मूर्तीचे सुवर्णावरण लोकार्पित झाले, साडेसतरा किलो सोने आणि सुमारे बारा कोटी रुपये. तेव्हा लारीवरची चर्चा आपसूकच कारागिरीवरून सोन्याच्या भावावर आली. सोन्याचा भाव मोजता येतो.

याच शहरात न मोजलेलीही कामे आहेत. सयाजीरावांच्या हीरक महोत्सवाच्या वेळी, 1936 साली, पूर्ण झालेल्या कीर्तिमंदिराच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. पुढे अकरा वर्षांत नकाशा बदलला, शिखर बदलले नाही, आणि कोणी दुरुस्तीचा ठराव आणला नाही. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार बडोद्याच्या भिंतींवर रंगवून गेला, यावर शहरात कधी भांडण झाले नाही, कारण चित्रांना उंची नसते. बघायला येणाऱ्यांची रांगही नसते. गोरव्यापासून जवळच अलेम्बिकच्या जुन्या कारखान्याच्या इमारतींत कलावंतांचे स्टुडिओ आणि दालने झाली, तीही अशीच बिनवादाची. औषधांच्या जुन्या शेडमध्ये शिल्पे बसवायला कोणाचे निवेदन लागले नाही.

आणि फतेहगंजच्या चौकातली वडाची झाडे. नागजी पटेल बडोद्याच्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीत घडले. त्यांनी दगडात घडवलेली ही वडांची जोडी शहराच्या नावाशी, वडाशी, थेट नाते सांगणारी होती. त्यात राजा नव्हता, नेता नव्हता, घोडा नव्हता. कोणत्याही समाजाला ती आपली म्हणून मिरवावी लागली नाही आणि दुसऱ्याची म्हणून खटकली नाही. ती बघून बाहेरगावचा माणूस आपण वडोदऱ्यात आलो हे ओळखायचा. मग तिथे उड्डाणपूल आला आणि झाडे चौकातून उतरवावी लागली. कलावंतांनी आवाज उठवला, पण पुलाच्या बाजूने आकडे होते: लांबी, खांब, गाड्यांची संख्या. झाडांच्या बाजूने सांगायला एवढेच होते की ती चांगली दिसतात.

बडोद्यातल्या सार्वजनिक शिल्पांत नागजी पटेलांचे वड सर्वांत चांगले होते आणि त्यांच्यावर सर्वांत कमी चर्चा झाली. पुढच्या वेळी महानगरपालिका एखाद्या चौकाच्या स्मारकासाठी हरकती आणि सूचना मागवेल, तेव्हा गोरव्याच्या वाचकाने उंचीविषयी काहीही न लिहिता एक अर्ज द्यावा. त्यात तीनच प्रश्न विचारावेत: हे खालून कसे दिसेल, गंज कोण बघणार, आणि पुढच्या उड्डाणपुलाचा खांब नेमका कुठे येणार आहे.